वेरमणी : विरतीचा अर्थ आणि आपला इतिहास

आपल्या विहारात दर रविवारी सकाळी आणि पौर्णिमेला संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होते. बालवाडीतल्या पोरापासून काठी टेकत येणाऱ्या आजीपर्यंत सर्वांना ते तोंडपाठ आहे. त्यात एक शब्द पाच वेळा येतो. तो शब्द म्हणजे 'वेरमणी'. लग्न, नामकरण, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन, जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, अशा प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात ह्याच शब्दाने होते. वस्तीतल्या चाळिशीच्या माणसाने तो आतापर्यंत हजारो वेळा उच्चारलेला असतो. पण अर्थ विचारला, तर बहुतेक बांधव "करणार नाही" एवढेच सांगतात. हे चूक नाही, पण पुरेही नाही. ह्या एका शब्दामागे मोठा इतिहास आहे. त्याचा एक भाग मगध-कोसंबीकडचा आहे आणि एक भाग आपल्या महाड-नागपूरचा, आपल्या गिरणगावचा आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तो समाजबांधवांपुढे थोडा उलगडून ठेवतो.

वेरमणी म्हणजे विरत होणे, थांबणे, बाजूला होणे. मराठीतले 'विराम' आणि 'विरती' हे शब्द त्याच घरातले. जुन्या अट्ठकथाकारांनी आणखी एक अर्थ सांगितला आहे. वैराचा नाश करते ती वेरमणी, असे ते म्हणतात. व्याकरणाच्या पंडिताला हे पटणार नाही, पण धम्माच्या दृष्टीने अर्थ झकास आहे. ज्याने मारणे, चोरणे, खोटे बोलणे सोडले त्याचे निम्मे वैरी तिथेच संपले.

त्यापुढचा शब्द 'सिक्खापद'. म्हणजे शिकण्याची पायरी. हा देवाचा हुकूम नव्हे आणि न पाळल्यास नरकात टाकण्याची धमकीही नव्हे. शेवटी येतो 'समादियामि', म्हणजे मी ग्रहण करतो. कोणी माझ्यावर लादत नाही, मी घेतो. पुढचे सगळे ह्या एका क्रियापदावर उभे आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

अट्ठकथेत विरतीचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ते मला फार उपयोगाचे वाटतात. पहिली संपत्त-विरती. माणसाने आधी शील घेतलेले नसते, पण प्रसंग समोर येतो तेव्हा आपले वय, आपली शिकवण आठवून "हे मला शोभत नाही" म्हणून तो मागे सरतो. ह्याला दाखला दिला आहे तो सिंहलद्वीपातल्या चक्कन नावाच्या उपासकाचा. त्याची आई आजारी पडली. वैद्याने सांगितले की ताज्या सशाचे मांस पाहिजे. मोठ्या भावाने चक्कनला शेतात पाठवले. पीक खायला आलेला ससा पळता पळता वेलीत अडकला आणि ह्याच्या हाती लागला. पण हातात धरल्यावर त्याला वाटले, आईच्या जीवासाठी मी दुसऱ्याचा जीव घेणे बरोबर नाही. त्याने तो सोडून दिला. घरी भावाच्या शिव्या खाल्ल्या. आई पुढे बरी झाली असे कथा सांगते.

दुसरी समादान-विरती. म्हणजे आधी शील घेतले आहे आणि त्या शब्दाला जागून माणूस थांबतो. इथला दाखला एका शेतकऱ्याचा आहे. त्याने पिंगल बुद्धरक्षित थेरांकडून शील घेतले होते. हरवलेला बैल शोधत तो डोंगरात गेला, तिथे एका मोठ्या सापाने त्याला विळखा घातला. हातात धारदार हत्यार होते. एक घाव घातला असता तर सुटका होती. पण आपण आचार्यांसमोर शब्द दिला आहे हे आठवून त्याने हत्यार लांब फेकून दिले. सापाने त्याला सोडले. आता साप प्रत्येकाला सोडतो अशी हमी कोणी देऊ नये. शील म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे. कथेचा रोख हत्यार फेकण्यावर आहे, सापावर नाही.

तिसरी समुच्छेद-विरती, म्हणजे मुळापासून उच्छेद. आर्यमार्गावर पोचलेल्याच्या मनात तो विचारच उठत नाही. ती आपल्यासारख्या संसारी माणसापासून लांब आहे, म्हणून तिच्याविषयी मी जास्त बोलत नाही. आपला व्यवहार पहिल्या दोनांशी.

आता पाचव्या शीलाकडे येऊ, कारण वस्तीत खरी अडचण तिथेच आहे. पहिल्या चार शिलांत दुसऱ्याचे नुकसान उघड दिसते. पाचव्याबद्दल माणूस म्हणतो, "मी माझ्या पैशाने पितो, कुणाच्या बापाचं काय जातं?" त्याचे उत्तर शिलाच्या शब्दातच आहे. तिथे नुसती दारूची नावे नाहीत. सुरा, मेरय, मज्ज ह्यांच्यापुढे 'पमादट्ठान' हा शब्द आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा, आणि ट्ठान म्हणजे ठिकाण, कारण. जिथे माणसाचे भान सुटते ती जागा. आणि भान सुटले की वरची चारही शिले उघड्यावर पडतात. ज्या धम्मात देव नाही, नवस नाही, मध्यस्थ नाही, ज्यात सगळी भिस्त माणसाच्या सावध मनावर आहे, तिथे ते मनच बुडवले तर शिल्लक काय राहते?

विनयात सुरा आणि मेरय ह्यांची फोडही दिली आहे. पिठाची, पोळीची, भाताची आंबवून केलेली ती सुरा. फुलांची, फळांची, मधाची, गुळाची केलेली ते मेरय. म्हणजे आपली मोहाची आणि काळ्या गुळाची, दोन्ही अडीच हजार वर्षांपूर्वीच यादीत आहेत. "गावठी चालते, इंग्लिश नको" म्हणणाऱ्याला पळवाट नाही.

हा नियम कसा आला त्याची हकिगत विनयपिटकात आहे, भिक्खूंच्या पाचित्तिय नियमांपैकी एक्कावन्नाव्यात. सागत नावाचे एक भिक्खू होते, मोठ्या सामर्थ्याचे. कोसंबीजवळ भद्दवतिका गावापाशी एका जटाधारी तपस्व्याच्या अग्निशाळेत एक भयंकर नाग होता, त्याला त्यांनी रात्रभरात नमवले. बातमी कोसंबीत पसरली. उपासक खूश झाले. त्यांनी भिक्खूंना विचारले, "भन्ते, आपल्याला मिळायला अवघड असं काय आहे? ते आम्ही तयार ठेवतो." आता तिथे सहा जणांचे एक टोळके होते. प्रत्येक संघटनेत असे पाच-सहा जण असतातच. त्यांनी एका नितळ मद्याचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी सागत भिक्षेला निघाले तर दारोदारी पेला तयार. भक्त मंडळी आग्रह करू लागली. एका घरी घेतला, दुसऱ्या घरी घेतला, असे करत नगराबाहेर पडताना वेशीतच कोसळले. तथागत भिक्खूंसह तिथून येत होते. त्यांनी त्यांना उचलून विहारात न्यायला सांगितले. भिक्खूंनी सागतांचे डोके तथागतांच्या बाजूला करून झोपवले, पण नशेत ते फिरले आणि पाय तथागतांकडे करून पडले.

तथागतांनी भिक्खूंना दोन-तीन प्रश्न विचारले. हा पूर्वी माझा आदर करीत असे ना? आता करतो आहे का? ह्याने नागाला नमवले ना? आता ह्याला पाण्यातल्या साध्या बिनविषारी सापाशी तरी झुंजता येईल का? आणि मग नियम घातला.

ह्या हकिगतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या दिसतात. पहिली, सागतांना दारू पाजली ती शत्रूंनी नाही, प्रेमाने सत्कार करणाऱ्यांनी. आपल्याकडेही पोरगं पहिला घोट घेतं ते मित्राच्या लग्नात, बोनसच्या दिवशी, निवडणुकीच्या आदल्या रात्री, आणि लिहायला लाज वाटते, पण जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा. दुसरी गोष्ट, तथागतांनी त्यांना हाकलून दिले नाही. उचलून आणायला लावले. हेच सागत पुढे अर्हत झाले आणि तेजोधातूत कुशल असलेल्या भिक्खूंमध्ये तथागतांनी त्यांना अग्रस्थान दिले.

काही जण विचारतात, खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असते, त्याचे काय? विनयात त्याचाही विचार आहे. वाताच्या दुखण्यावर तेल कढवताना त्यात मद्य घालण्याची परवानगी होती, पण रंग, वास, चव लागणार नाही इतपतच. म्हणजे बुद्धांचा नियम अडाणी हट्टाचा नाही. मात्र "डॉक्टरनेच सांगितली आहे, छातीला बरी" म्हणत क्वार्टर रिचवणाऱ्यांनी ह्यात आपले नाव घालू नये.

विरती म्हणजे शरीराला छळणे असा समज आपल्या देशात फार जुना आहे. स्वतः सिद्धार्थ गौतमांनी उरुवेलेकडे सहा वर्षे अन्न तोडून पाहिले. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागावा इतके ते झिजले. त्यातून ज्ञान मिळत नाही असे अनुभवाने कळल्यावर त्यांनी अन्न घेतले. सुजाताची खीर आपल्या पोरांनाही माहीत आहे. पाच सोबती "हा भ्रष्ट झाला" म्हणून सोडून गेले. त्याच पाचांना पुढे इसिपतनात पहिला उपदेश मिळाला. तेव्हा उपाशी राहणे म्हणजे बौद्ध विरती नव्हे.

आपल्या मायबहिणींना हे नीट सांगितले पाहिजे. छप्पन सालानंतर घरोघरचे देव गेले. सोमवार, गुरुवार, एकादशी सुटायला मात्र वेळ लागला, काही घरांत अजून सुटलेले नाहीत. मग कोणी म्हणते, "आपला पण उपोसथ आहे की, तोही उपासच." शब्द सारखे वाटतात, व्यवहार वेगळा आहे. उपोसथाची सुरुवात राजा बिंबिसाराच्या सूचनेवरून झाली असे विनयात आहे. दुसऱ्या पंथांचे परिव्राजक पंधरवड्याच्या ठरावीक तिथींना जमून धर्मचर्चा करीत, लोक ऐकायला जात. आपल्या संघानेही तसे जमावे, असे राजाने सुचवले आणि तथागतांनी ते मान्य केले. म्हणजे उपोसथाचे मूळ माणसे एकत्र येण्यात आणि धम्म ऐकण्यात आहे. त्या दिवशी उपासक अष्टशील घेतो. पाच शिले आहेतच, पण तिसरे त्या दिवसापुरते पूर्ण ब्रह्मचर्याचे होते. शिवाय दुपारनंतर जेवायचे नाही. नाच-गाणी-तमाशे, माळा, अत्तर, दागिन्यांची सजावट नाही. उंच, ऐसपैस बिछाना नाही. सकाळचे जेवण व्यवस्थित करायचे. त्यात साबुदाणा चालतो, भाकरी चालत नाही असला भेद नाही.

ह्यावर तथागतांनी विशाखेला फार मार्मिक सांगितले आहे. श्रावस्तीला पूर्वारामात ती उपोसथाच्या दिवशी भेटायला आली, तेव्हा त्यांनी उपोसथाचे तीन प्रकार सांगितले. त्यातला एक गुराख्याचा उपोसथ. गुराखी संध्याकाळी गुरे मालकाच्या ताब्यात देतो आणि विचार करतो, आज गुरे अमक्या रानात चरली, उद्या तमक्या रानात नेईन. तसाच काही लोकांचा उपोसथ असतो. आज हे खाल्ले, उद्या ते खाईन, सगळा दिवस ह्याच हिशेबात. मला तर हे वाचताना उपवासाची खिचडी, रताळ्याचे काप आणि शेंगदाण्याची आमटी डोळ्यापुढे आली. गुराख्याचा उपोसथ अडीच हजार वर्षांत काही बदललेला नाही!

आता एक नाजूक विषय. विरतीचा उपयोग स्वतःला सुधारण्यासाठी होतो, तसा दुसऱ्याला खाली ढकलण्यासाठीही होतो. संघात देवदत्ताने पाच मागण्या आणल्या होत्या. भिक्खूंनी जन्मभर अरण्यातच राहावे, भिक्षाच घ्यावी, चिंध्यांचेच चीवर घालावे, झाडाखालीच राहावे आणि मासे-मांस खाऊ नये. ज्याला हवे त्याने तसे वागायला बुद्धांची हरकत नव्हती, पण हे सर्वांवर सक्तीचे करायला त्यांनी नकार दिला. कडक दिसणारा माणूस श्रेष्ठ, हा हिशेब त्यांनी मानला नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर जो ग्रंथ लिहिला, त्यातला सिद्धान्त ह्याच जागी लागू पडतो. बौद्ध भिक्खूंवर मात करण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांस सोडले, गाय पवित्र झाली, आणि गावाबाहेरचे जे मोडलेले लोक मेलेल्या गाईचे मांस खात राहिले त्यांच्यावर अस्पृश्यतेचा शिक्का बसला, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे एका वर्गाने केलेला त्याग दुसऱ्या वर्गाच्या गळ्याचा फास झाला. म्हणून आपल्यापैकी कोणी दारू सोडली, मटण सोडले, की लगेच शेजाऱ्याकडे नाक मुरडून बघू नये. ती देवदत्ताची वाट आहे.

ह्याच्या उलट विरती कशी असते ते महाडला दिसले. मार्च १९२७ च्या १९ आणि २० तारखेला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपण सगळे जाणतो. पण अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली होती. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तिथे स्त्रियांपुढे त्यांनी वेगळे भाषण केले. घरात मेलेल्याचे मांस येऊ देऊ नका, हे त्यांनी बायांना सांगितले, कारण चूल बायांच्या हातात होती.

हे आज ऐकायला सोपे वाटते. त्या वेळचा हिशेब मांडून बघा. गावातले मेलेले ढोर ओढणे हे महारांचे कामही होते आणि हक्कही. मांस पोटात जाई, उरलेले वाळवून 'चान्या' करून पावसाळ्याला ठेवीत. ते सोडायचे म्हणजे भुकेच्या दिवसातला आधार सोडायचा. शिवाय गाव खवळणार. ढोर कोण ओढणार? गावोगावी आपल्या लोकांवर बहिष्कार पडले, मारहाण झाली. एप्रिल १९२७ मध्ये सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'ने ह्या छळाला वाचा फोडली. तरी लोकांनी सोडले ते सोडले. पाली भाषेचा एक शब्द त्यांना माहीत नव्हता. पण अट्ठकथेत सांगितलेली समादान-विरती हीच. शब्द दिला, आणि विळखा पडला तरी हत्यार उचलले नाही.

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी ह्याच विषयाची आठवण सांगितली. 'केसरी'त कोणीतरी हिशेब छापला होता की मेलेली ढोरे न ओढल्याने महारांचे शिंगे, खूर, मांस, हाडे मिळून वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते. बाबासाहेबांचे उत्तर असे की, एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा, तुम्हीच फायदा घ्या, वर पाचशे रुपये मी देतो. लोक खूप हसले असतील. पण मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. मान आणि लाभ ह्यांत काय निवडायचे, हा तो प्रश्न होता.

आता दारूचा इतिहास पाहू. इंग्रज सरकारला दारूत भरपूर महसूल दिसला. १८७८ च्या आबकारी कायद्याने मोह गाळणे, ताडी काढणे हे सगळे सरकारी परवान्याखाली आले. गुत्त्यांचे लिलाव होऊ लागले. जितकी पिणार तितकी तिजोरी भरणार. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात नवे दारूचे गुत्ते उघडण्याला विरोध केला होता. दारूविरोधाचे काम आपल्याकडे सत्यशोधक परंपरेतून आलेले आहे, हे लक्षात ठेवावे.

मुंबईत गिरण्या वाढल्या तसे गिरण्यांच्या आजूबाजूला गुत्तेही वाढले. दहा-बारा तास रूईच्या धुळीत उभे राहून घसा कोरडा पडलेला माणूस, बायको-पोरे गावी, आणि राहायला एका खोलीत पंधरा जण. पगाराच्या दिवशी गेटावर एका बाजूला पठाण काठी घेऊन उभा आणि दुसऱ्या बाजूला गुत्ता उघडा. मी गिरणीत लागलो तेव्हा ८२ चा संप होऊन गेला होता, पठाण गेले होते, पण गुत्ता जागच्या जागी होता. जुने जॉबर, फिटर सांगत त्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. दारू पिणारा कामगार वाईट चालीचा असतो असे म्हणणे सोपे आहे. माझे मत तसे नाही. ज्यांनी त्याला बारा तास उभे केले आणि बाहेर गुत्त्याचा लिलाव घेतला, त्यांचे नाव कोणी घेत नाही. बाबासाहेब स्वतः १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या बीआयटी चाळीत राहिले. हे सगळे त्यांच्या खिडकीखाली घडत होते. ते स्वतः पूर्ण निर्व्यसनी.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. सरकारी दारूबंदीला बाबासाहेबांचा विरोध होता.

मुंबईत पहिली दारूबंदी काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ ला आणली. अबकारी खाते डॉ. गिल्डर ह्यांच्याकडे होते. त्याच वर्षाअखेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदीचा जोर ओसरला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून सबंध मुंबई राज्यात पूर्ण बंदी झाली. त्या वेळी गृहमंत्री मोरारजीभाई देसाई होते. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जाहीरनामा निघाला. त्यात दारूबंदी रद्द करावी असे स्पष्ट म्हटले आहे. सरकारचे उत्पन्न बुडते, ते शिक्षणासारख्या कामाला लागले असते, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या वस्त्यांतले आहे. पूर्वी पुरुष बाहेर जाऊन पीत. बंदीमुळे दारू घरातच गाळली जाऊ लागली, बायका-मुलांच्या डोळ्यांदेखत, आणि तेही पिऊ लागले. दारू तर गेली नाहीच, वर गुन्हेगारी आली.

जुन्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलेले आहे. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचे डबे आणि रबराची नळी. धारावीच्या खाडीकडे भट्ट्या लागत, माल ट्यूबमध्ये भरून यायचा. पोलिसाचा हप्ता ठरलेला. धाडी पडल्या की पकडली जायची ती गरिबाची बाई, भट्टीचा खरा मालक नाही. पुढे साठच्या दशकात परवाने सैल झाले, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि पाटी लावून दुकाने सुरू झाली. पण हातभट्टीही संपली नाही. जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. सगळी हातावर पोट असलेली.

मग बाबासाहेबांच्या वागण्यात विसंगती आहे का? १९५१ मध्ये कायद्याची बंदी नको म्हणाले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही अशी प्रतिज्ञा आपल्याला दिली. माझ्या समजुतीप्रमाणे विसंगती अजिबात नाही. पोलीस समोर आहे म्हणून जो पीत नाही, त्याची ती वेरमणी नव्हे. पोलीस वळला की तो पिणार. 'समादियामि' म्हणायला माणूस स्वतः पाहिजे. बाबासाहेबांना दारू चालत होती असे नव्हे. ती कुणी सोडायची आणि कशाने सुटते, एवढाच वाद होता.

ह्याला एक जिवंत उदाहरण आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. सहा वर्षांत कायदा आला आणि गेला. छप्पन सालची प्रतिज्ञा मात्र कुठल्याही मंत्रिमंडळाला उठवता येत नाही, कारण त्यांनी ती घातलेलीच नव्हती.

तरीसुद्धा कायद्याचा काही उपयोग नाही असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. २००८ च्या सरकारी आदेशात वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर दुकान बंद करण्याची तरतूद होती. ज्या घरात नवऱ्याने पगार पिऊन टाकला, त्या बाईला "तू नवऱ्याच्या प्रतिज्ञेची वाट बघ" असे सांगायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? प्रतिज्ञा नवऱ्याने घ्यायची, पण गल्लीच्या तोंडाशी गुत्ता नको हे म्हणायचा हक्क तिचाच.

शेवटी एक प्रश्न, जो वस्तीतले तरुण मला हळूच बाजूला घेऊन विचारतात. "काका, मी काल घेतली होती. आज पंचशील म्हणू की नको? खोटं बोलल्यासारखं होईल." काही जण ह्याच कारणाने रविवारी विहारात यायचे बंद झाले आहेत. त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या जातपंचायतीत चुकलेल्याला दंड होता, वाळीत टाकणे होते, गावजेवण घालणे होते. उपासकाच्या शिलात तसे काहीच नाही. शील मोडले तर पुन्हा घ्यायचे. सिंहलद्वीपात, ब्रह्मदेशात उपासक विहारात गेला की भन्तेंकडे शिलाची याचना करतो आणि नव्याने घेतो. काल काय झाले ते भन्ते विचारत नाहीत. 'समादियामि' हे क्रियापद वर्तमानकाळी आहे. "मी कधीच मोडले नाही" असा त्याचा अर्थ होत नाही. "आता घेतो आहे" एवढाच होतो. दर आठवड्याला, दर पौर्णिमेला ते पुन्हा म्हणायचे ते ह्याचसाठी. येत्या वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन रोज रात्री होणार आहे. पाळीवरून उशिरा सुटणाऱ्यांसाठी शेवटची ओळ मोकळी ठेवलेली असते.